भेगेवरची काच

काचेच्या पट्टीवर धुकं धरत होतं. आतल्या बाजूनं.

एवढंच सांगून थांबले तर कुणीही म्हणेल, भिंतीला ओल असेल. माझा नवराही तेच म्हणाला. म्हणून आधीच सांगते, मी प्रयोगशाळेत काम करते आणि ओल कशी वागते ते मला कळतं. हे भर दुपारी, माझ्या डोळ्यांदेखत घडलं. पदरचा एक शब्द घातलेला नाही.

घर जुनाट होतं, म्हणून स्वस्त मिळालं. त्यातच राहायचं आणि एकेक खोली दुरुस्त करत जायचं, ही नवऱ्याची कल्पना. मुलीची खोली सगळ्यात शेवटी. तिच्या पलंगामागच्या भिंतीला उभी भेग होती. मी तिच्यावर आडवी काच चिकटवली. भिंत सरकत असेल तर अशी काच तडकते.

काच तडकली नाही.

ती धुकट व्हायची... मग स्वच्छ. पुन्हा धुकट... पुन्हा स्वच्छ.

ओल अशी ये-जा करत नाही.

मी नवऱ्याला म्हटलं, मुलीला आपल्या खोलीत झोपवू. तो हसला.

“शास्त्रज्ञ बाई, भिंतीला ताप आलाय का तेही बघून ठेवा.”

आणि मी कामावर गेल्यावर त्यानं काचेसकट भेग लिंपून टाकली. त्याची रीतच ती. जे कळत नाही त्यावर थापी फिरवायची.

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. घर पूर्ण होऊ दे, मग बघू, असं तो प्रत्येक वेळी म्हणायचा. मी प्रत्येक वेळी ऐकायचे.

ओलं प्लास्टर हाताला गार लागतं. पाणी उडताना उष्णता घेऊन जातं. मी भिंतीला तळवा टेकवला.

भेग होती तिथे ती कोमट होती... अंगासारखी.

त्या रविवारी दुपारी मुलगी भिंतीला पाठ लावून झोपली होती. मी पांघरूण सारखं करायला वाकले. तिचा श्वास संथ चालला होता.

मग तो थांबला.

मी तिला हात लावणार, तेवढ्यात... भिंतीच्या आतून एक लांब उसासा आला.

त्यामागोमाग तिची छाती वर आली.

मी तिला गदागदा हलवलं. ती वैतागली.

“आई, मधेच काय उठवतेस? त्याचा झाला की मग माझा असतो.”

अजूनही ती झोपली की मी शेजारी बसून राहते. अजूनही मधेच ती थांबते... कुणाची तरी वाट बघितल्यासारखी.

त्या दुपारी नवरा दारात उभा होता. त्यानंही उसासा ऐकला होता. चेहरा पांढराफटक. तरी म्हणाला, आत हवा कोंडली असेल, एवढी खोली होऊ दे, मग आपण...

मी मुलीला कडेवर घेतलं.

“घर तू पूर्ण कर. आम्ही दोघी चाललो.”