आधी फोटो, मग तिकिटं

नाट्यगृहाच्या मागच्या जिन्यावर दोघांची पहिली टक्कर झाली, तेव्हा तो तिच्यावर खेकसलाच होता, "तिकिटं ऑनलाइन मिळतात, इकडून नाही!"

"ती मिळावीत म्हणूनच आलेय," ती म्हणाली. वेबसाइट सांभाळणारी तीच होती. खेकसणाऱ्या व्यवस्थापकसाहेबांचा चेहरा असा काही पडला, की तिला ते तिथंच आवडून गेले. अर्थात बोलली नाही. नफा दिसेपर्यंत भांडवल उघड करू नये.

मागच्या खेपेला विक्री सुरू होताच साइट झोपली होती. आज झोपली, तर काम दुसऱ्या कंपनीला. मग या जिन्यावर यायला निमित्त कुठलं?

विक्रीला थोडा अवकाश होता... आणि तिच्या संगणकाच्या पडद्यावरची, साइटवरची गर्दी दाखवणारी रेघ टणकन वर उडाली.

"सर्व्हर वाढवा ना!" तो खुर्चीमागे येऊन उभा राहिला. फारच जवळ.

"थांबा हो. दोन पाहुणे डोकावले म्हणून कुणी भिंत पाडून खोली वाढवतं का? गर्दी ठाण मांडून बसली, पानं उघडायला वेळ लागू लागला, की वाढवायचं."

रेघ खाली आली. ही मंडळी गेली होती कुठे, ते तिनं पाहिलं. तिकिटांकडे कुणी फिरकलंच नव्हतं! सगळे साइटवरच्या 'आमची माणसं' या, तिचा फोटो असलेल्या पानावर.

"हे कोण?"

त्याचे कान लाल झाले. "मावशी... म्हणजे, तिनं ते पान घरच्या ग्रुपवर टाकलं. आमचं खानदान जरा मोठं आहे."

"पण मावशींना माझा फोटो कशाला—"

तेवढ्यात विक्री सुरू झाली. रेघ चढली ती उतरेना. पानं रेंगाळू लागली. आता मात्र तिनं वेळ दवडला नाही. आणखी सर्व्हर जोडले. दोघांनी श्वास रोखले...

पानं पुन्हा भराभर उघडू लागली. खुर्च्या विकल्या जाऊ लागल्या.

"सुटलो बुवा!" म्हणत त्यानं तिचा हात धरला. धरलाय, हे दोघांनाही जरा उशिरा कळलं. सोडायची घाई कुणी केली नाही.

"मावशींचं राहिलं," ती हळूच म्हणाली.

"मी म्हटलं, एक मुलगी आवडलीय... ती म्हणाली, दाखव."

"आणि मला कधी सांगणार होता?"

"तुमचं काम टिकल्यावर. आधी विचारलं असतं, तर तुम्हाला 'नाही' म्हणायची चोरी झाली असती."

"आणि काम गेलं असतं तर? मला भेटायला काय निमित्त काढलं असतं?"

"बिननिमित्ताचा आलो असतो."

इतके दिवस छातीवर ठेवलेलं ओझं कुणी अलगद उचलून न्यावं, तशी ती हसली.

"मग हो," ती म्हणाली. "आणा मावशींचा नंबर. ही बातमी मी देणार."