रुग्णाचं सोंग

त्यांची पहिली गाठ पडली तीच मुळी वर्गाच्या दारात, धडकून. ती फार्मसी कॉलेजातली नवी शिक्षिका. तो शेजारच्या रुग्णालयातला फार्मासिस्ट, मधुमेहाच्या तासाला रुग्णाचं सोंग घ्यायला आलेला.

“लागलं का हो?”

“लागलं असतं तर मलम तुमच्याकडेच मागितलं असतं,” ती म्हणून गेली, आणि स्वतःच लाजली.

मग तो तिच्या दर तासाला येऊ लागला, आणि तिचं शिकवण्यात निम्मंच लक्ष राहू लागलं.

एक दिवस तिनं तास अलीकडे ओढला.

“अहो, मी जेवायला निघालो होतो...”

“तास झाला की मिळूनच जेवू की!”

यावर बिचारा विरघळलाच.

रक्तातली साखर एकदम उतरलेला माणूस कसा दिसतो, ते तो करून दाखवू लागला. हात थरथरले, जीभ जड झाली. पोरं खूश! “सर, नाटकात जा!” टाळ्या पडल्या. तीही हसली... आणि तिला त्याच्या कपाळावरचा घाम दिसला. थरथर आणता येते. घाम कसा आणणार?

ती धावत त्याच्यापाशी गेली.

“अहो, माझ्याकडे बघा!”

त्याची नजर तिच्यावरून घसरून भिंतीकडे गेली. तो तिला ओळखत नव्हता. तोंडपाठ असलेलं सगळं तिच्या डोक्यातून पार उडालं. एवढंच आठवलं — गिळता येतंय का, ते आधी बघायचं. येत होतं. शिकवायला ठेवलेली ग्लुकोजची पुडी तिनं पाण्यात ओतली आणि ती त्याला घोटघोट पाजू लागली.

“असं नको ना करू... ऐकतोयस ना?”

कितीतरी वेळानं तो पुटपुटला, “मॅडम... पोरं बघताहेत.”

वर्ग रिकामा झाल्यावर तिनं डबा उघडून त्याच्यापुढे सरकवला.

“इन्शुलिन टोचून तसेच उपाशी आलात? आणि मला सांगितलंही नाहीत?”

“लहानपणापासून घेतोय. सांगितलं की माणसं आधी कीव करतात, मग हळूच काढता पाय घेतात. तुम्ही गेला असतात तर... मला सोसलं नसतं.”

“आणि तुम्हीच गेला असतात तर? माझ्यामुळे?” तिला रडूच फुटलं.

“आता भीती वाटते ना माझी?”

“वाटते. खूप वाटते. उद्याही वाटेल. पण लांब बसून घाबरायचं मला जमणार नाही. शेजारी बसून घाबरेन — जन्मभर. चालेल?”

तो हसायला गेला, पण डोळेच भरून आले.

“मी आजवर एकटाच घाबरत होतो,” तो म्हणाला, आणि त्यानं तिचा हात घट्ट धरला.