ओट्याखालचं भोक

घर नवं कोरं होतं, खिडक्या-दारं घट्ट बंद होती, तरी हवेची गळती मोजणाऱ्या यंत्राचा काटा हिरव्या पट्टीत काही उतरेना. हवा शिरत होती तरी कुठून?

आबाजींना हे कोडं सुटत नव्हतं. त्यांच्या नातीला, ईश्वरीला, उत्तर ठाऊक होतं आणि म्हणूनच ती त्यांच्या नजरेला नजर देत नव्हती.

चंद्रपूरकडची ही नवी वसाहत कोळशाच्या खाणींजवळ होती. बाहेरच्या हवेत सदा काळी भुकटी. ईश्वरीचा धाकटा भाऊ दिवस भरायच्या आधीच जन्मला होता आणि त्याची फुप्फुसं नाजूक होती. घर हवाबंद चाचणीत पास झालं तरच बाळाला घरी न्या, असं डॉक्टरांनी बजावलं होतं. आई-बाबा बाळाला घेऊन दवाखान्यात निरोपाची वाट बघत बसले होते.

आबाजी हवेचे शास्त्रज्ञ. त्यांनी दाराच्या चौकटीत कापड ताणून मोठा पंखा बसवला होता. तो घरातली हवा बाहेर फेकत होता. त्यामुळे आत-बाहेर दाबफरक (दोन्हीकडच्या हवेच्या दाबातलं अंतर) तयार होई आणि बाहेरची हवा मिळेल त्या फटीतून आत घुसे. फुंकर नावाचा त्यांचा यंत्रमानव पेटती उदबत्ती घेऊन भिंतीभिंतीपाशी फिरत होता. धूर सरळ वर गेला तर ठीक, वाकला तर समजावं, इथे फट आहे.

फुंकर स्वयंपाकघरात आला तेव्हा ईश्वरी ओट्याखालच्या पिठाच्या डब्याला पाठ लावून बसली होती. फुंकर मोठा सभ्य. तो तिला वळसा घालून पुढे गेला.

त्या डब्यामागेच, नळाच्या पाइपाभोवती भरलेली लांबी (फट बुजवायचा लगदा) तिने काल चमच्याच्या दांड्याने कोरून काढली होती. आता सांगावं तर भोक बुजणार आणि बाळ गुदमरणार. न सांगावं तर बाळ घरीच येणार नाही. इकडे आड, तिकडे विहीर. तिला रडू आवरेना.

"काऊन बाई, रडून राहिली?" आबाजी तिच्याजवळ खाली बसले.

"आबाजी, सुरवंटाच्या डबीला भोकं नाही पाडली, तर तो मरून जाते ना?"

आबाजींनी तिच्याकडे पाहिलं, मग डब्याकडे. ते रागावले नाहीत. त्यांनी डबा हळूच पुढे ओढला. मागे भोक होतं आणि खाली लांबी चिकटलेला चमचा. फुंकरने उदबत्ती भोकापाशी नेली, तसा धूर सपकन खोलीत वळला. डब्याची मागची बाजू एका रात्रीत काळी पडली होती. ईश्वरीने बोट फिरवलं आणि काळं बोट बघून ती घाबरली. हेच बाळाच्या छातीत गेलं असतं.

तुझी काळजी खरी आहे, आबाजी म्हणाले, श्वासाला ताजी हवा हवीच. पण भोकातून येणारी हवा वाऱ्याच्या मर्जीने येते आणि येताना भुकटी घेऊन येते. मग त्यांनी तिला छताजवळचा झरोका दाखवला. एका नळीने तो शिळी हवा बाहेर टाकत होता, दुसरीने ताजी हवा गाळून आत आणत होता. त्याची गाळणी एका बाजूने काळीकुट्ट होती, दुसऱ्या बाजूने पांढरी.

"आणि लाइट गेली तर?" ईश्वरीची शंका अजून फिटली नव्हती.

झरोक्याला बॅटरी आहे, आबाजींनी सांगितलं, आणि तीही संपली तर खिडक्या आहेतच. त्या काही खिळे ठोकून बंद केलेल्या नाहीत.

ईश्वरीने आपल्या हाताने भोकात लांबी भरली आणि अंगठ्याने दाबून दाबून बसवली. पंखा पुन्हा सुरू झाला. काटा थरथरला, अडला, मग हिरव्या पट्टीत उतरला. आबाजींनी लगेच दवाखान्यात फोन लावला.

दिवेलागणीला बाळ घरी आलं. ते झोपल्यावर ईश्वरीने त्याच्या नाकाखाली बोट धरलं. बोटाला उबदार वारा लागला, थांबला, पुन्हा लागला. तेव्हा कुठे तिचा जीव भांड्यात पडला.

"आबाजी, बाहेरची हवा चांगली झाली, तर ते भोक उघडता येईल?"

"तेव्हा भोकच कशाला, सारी दारं उघडू. पण ती हवा साफ करायचं काम आता तुम्हा पोरांकडे आहे," आबाजी म्हणाले. "तो चमचा तेवढा जपून ठेव."