कटल्याच्या अंगावरचा पंजा

"ताई, धाव! पाण्यात हात हाय! माणसाचा हात!"

धम्मदीप ओरडतच बांधावर चढला. बीबी गावाजवळच्या तलावावरचं सकाळचं धुकं अजून विरलं नव्हतं. त्याची बहीण सारिका दोन वर्षांनी मोठी, आठवीतली. तीही दोन पावलं मागे सरली. पण शेजारी खामगावची मामेबहीण मनाली उभी होती, दिवाळीच्या सुट्टीसाठी कालच आलेली. तिच्यादेखत भ्यायचं कसं?

"कुठं? दाखव बे!"

तिघं दबकत काठाशी गेली. लव्हाळ्यात एक भलाथोरला कटला मासा पोट वर करून तरंगत होता. आणि त्याच्या कुशीवर खरोखरच हात होता! चार बोटं, एक अंगठा. कापसासारख्या पांढऱ्या बुरशीचा उमटलेला पंजा.

"हे... हे कोणी केलं?" मनालीने सारिकाचा दंड धरला.

पंधरा दिवसांत मेलेला हा सातवा मासा होता. तिच्या आईने, सिंधूताईंनी, आपल्या बचत गटातल्या बायांसोबत दोन वर्षांपूर्वी बोटाएवढी पिल्लं या तलावात सोडली होती. आता मोठी झाल्यावर ती एकेक करून मरत होती.

तलावाचे राखणदार जानरावआजोबा काठी टेकत आले. मासा पाहताच त्यांचे डोळे बारीक झाले.

"जहर पडलं तलावात. अन् कोणी टाकलं तेही मले माहीत हाय. त्या गोकुळनं! फवाऱ्याचा पंप इथंच धुतला असंल!"

दुपारपर्यंत ही गोष्ट गावभर झाली. म्हशी पाण्यावर येईनाशा झाल्या. काठावरच्या शेतात गोकुळकाका एकटेच उभे होते. कोणी त्यांच्याशी बोलत नव्हतं.

"म्या पंप घरच्या हौदावर धुतो, पोरींनो," ते हताशपणे म्हणाले. "पण ऐकतं कोण? जानरावआजोबा सोमवारी तलावावरची माही मोटर बंद करणार म्हणे. हरभरा सारा जळून जाईन."

सारिका रात्रभर तळमळली. सकाळ होताच तिने दोघांना उठवलं.

"विष असतं तर लहान मासे आधी मेले असते! बेडूक मेले असते! मरतात ते फक्त मोठे मासे. मोठ्या माशांना हात कोण लावतं?"

"गळवाले साहेब!" धम्मदीप ताडकन उठून बसला. "अन् आज रविवारच हाय!"

दर रविवारी शहरातून मार्तंडराव आणि त्यांचे दोन मित्र गळ घेऊन येत. मासा पकडायचा, फोटो काढायचा आणि सोडून द्यायचा. 'एक मासा नेत नाहीत, देवमाणसं!' असं जानरावआजोबा सगळ्यांना सांगत.

तिघं बाभळीआड लपली. थोड्याच वेळात दोर ताणला गेला. मार्तंडरावांनी एक मोठा कटला ओढत ओढत खडकावर आणला. तो तडफडू लागला तसा त्याच्यावर बूट ठेवला. मग कोरड्या हातांनी त्याला घट्ट आवळून धरलं.

"काढ फोटो! अजून एक! उन्हाकडून घे!"

माशाचा जबडा उघडत होता, मिटत होता. शेवटी मार्तंडरावांनी त्याला खडकावरूनच भिरकावलं. धप्प! मासा एका कुशीवर कलंडला.

सारिकाला राहवेना. ती धावतच बाहेर आली.

"काका, असा नका फेकू! मरतो तो!"

"अगं, जाईल की पोहत! आम्ही जीवदान देतो, कळलं?" मार्तंडराव हसले.

सारिकाला एकदम युक्ती सुचली. "मग पैज! तुम्ही सोडलेला हा मासा आम्ही आईच्या गटाच्या जाळीच्या पिंजऱ्यात ठेवतो. दुसरा मासा आम्ही धरू, आमच्या पद्धतीनं. पुढच्या रविवारी सगळ्यांसमोर पाहू."

"ठरलं!" मार्तंडराव ऐटीत म्हणाले. धम्मदीपने पिंजरा पाण्यात बुडवून कलंडलेला मासा हात न लावताच आत घेतला.

जानरावआजोबांनीही, कुरकुरत का होईना, गोकुळकाकांची मोटर आठवडाभर चालू ठेवायचं कबूल केलं.

पुढचा मासा मार्तंडरावांच्या गळाला लागला तेव्हा सारिका गुडघाभर पाण्यात उतरली. पिल्लं सोडताना आई सांगायची तसे तिने आधी हात ओले केले. ओलं गोणपाट माशाखाली धरलं, पाण्यातच गळ अलगद काढला आणि मासा दुसऱ्या पिंजऱ्यात जाऊ दिला.

आठवडा कसाबसा सरला. बुधवारी पहिल्या माशाच्या कुशीवर फिकट डाग दिसले. गुरुवारी त्यांची बोटं झाली! धम्मदीप पिंजऱ्याजवळ जायलाच घाबरू लागला. शनिवारी सकाळी तो मासा तरंगत होता. सारिका काठावर बसून रडली. हा मासा मरणार हे तिला पहिल्या दिवसापासून वाटत होतं, आणि तरीही तिला काहीच करता आलं नव्हतं.

रविवारी अर्धं गाव काठावर जमलं. दुसऱ्या पिंजऱ्यातला मासा शेपटी फटकारत होता. पहिल्या पिंजऱ्यातला सिंधूताईंनी बाहेर काढून गोणपाटावर ठेवला.

"साहेब, ठेवा हात," त्या शांतपणे म्हणाल्या.

मार्तंडरावांनी नाइलाजाने हात पुढे केला. बोटावर बोट, अंगठ्यावर अंगठा. पंजा तंतोतंत बसला!

"माशाच्या अंगावर बुळबुळीत थर असतो, तेच त्याचं कवच," सिंधूताई म्हणाल्या. "कोरड्या हातानं ते निघून येतं अन् तिथं बुरशी धरते. जहर तलावात नव्हतं, साहेब."

मार्तंडरावांचा चेहरा उतरला. "मला... मला खरंच वाटायचं, मी त्यांना वाचवतोय."

जानरावआजोबा काठी टेकत गोकुळकाकांसमोर गेले. गावासमोर त्यांनी हात जोडले. "चुकलो रे बापा. या लेकरांच्या ध्यानात आलं, अन् म्या साठ वर्षं पाणी पाहून आंधळाच राह्यलो!"

मग सारिकाकडे वळून ते म्हणाले, "पोरी, आजपासून गळ टाकायचा तर आधी तुह्याकडून शिकायचं. साहेब असो का कोणी!"

"मी पहिला," मार्तंडराव हळूच म्हणाले. त्यांनी बूट काढले, पँट दुमडली आणि थंड पाण्यात उतरून कोपरापर्यंत हात भिजवले. सारिकाने पिंजऱ्याचं तोंड उघडलं.

"फेकू नका. नुसता खालून आधार द्या. त्याचा तो जाईल."

कटला त्यांच्या हातांवर क्षणभर थांबला, कल्ले हलवत. मग शेपटीचा एक फटकारा बसला, मार्तंडरावांच्या तोंडावर पाणी उडालं आणि मासा खोल पाण्यात दिसेनासा झाला.

सगळ्यांत आधी हसले ते गोकुळकाका!