आतून आलेले दोन ठोके

उद्या जुनी गाडी बघायला निघालात ना? मग ते मोबाईल ठेवा बाजूला आणि ऐका. ही ऐकीव गोष्ट नाही. आमच्या शेजारच्या मिस्त्रीची आहे, आणि शेवटाला मी स्वतः तिथे होतो.

मिस्त्री म्हणजे डेंटर. चेपलेला पत्रा असा सरळ करायचा की गाडी कुठे ठोकली होती ते मालकालाही सापडू नये. पण हे काम एकट्याचं नाही. बाहेरून हातोडी मारताना आतून कोणाला तरी लोखंडी ठोकळा लावून धरावा लागतो. तो धरायचा त्याचा मुलगा. दिवसभर बापलेक पत्र्याच्या अलीकडे-पलीकडे. आतून दोनदा वाजलं, की समजायचं, 'बाबा, इथे मारा.'

मुलगा साध्या तापाचं निमित्त होऊन गेला. मिस्त्रीने हातोडी खाली ठेवली ती ठेवलीच. मुलाचा ठोकळा त्याच्याच शर्टात बांधून कपाटात ठेवला. आठ वर्षं झाली त्याला.

मागच्या डिसेंबरात लेकीने गाडी पसंत केली. पांढरी, चकचकीत. तिला सातवा महिना, दवाखाना लांब, त्यामुळे जावई घाईला आलेला. ती म्हणाली, "बाबा, तुम्ही एकदा हात लावून बघा. मग मला भीती नाही." तिच्यासाठी तो उठला.

शनिवार होता. रात्री नऊनंतरची वेळ त्यानेच मागून घेतली. अंधारात बॅटरी आडवी धरली, की पत्र्यावरची लहर लगेच दिसते. उन्हात सगळ्याच गाड्या देखण्या. विकणारा किल्ली देऊन जेवायला घरात गेला. रस्त्यावर चिटपाखरू नव्हतं. गाडीला कुलूप, किल्ली मिस्त्रीच्या खिशात.

त्याने लोहचुंबक फिरवला. पत्र्याला चिकटतो, चेप लपवायला भरलेल्या पुट्टीवरून घसरतो. दारं चांगली, छत चांगलं. मागचं दार बोटाने वाजवलं. खणखणीत. हाताची सवय सुटलेली, खाली वाकून बघायचं राहिलंच. लेकीला हो म्हणून सांगायला त्याने फोन काढला.

आतून दोनदा वाजलं.

त्याने काचेवर बॅटरी मारली. सीट रिकामी.

पुन्हा दोन ठोके... जरा खाली.

त्याने वाजवलं. आतून उत्तर आलं. आणखी खाली... दाराखालच्या पट्टीपाशी. मिस्त्री गुडघ्यांवर बसला.

तिथे चुंबक लावला. घसरून पडला. किल्लीने खरवडलं. पुट्टी निघाली, आणि खाली वेल्डिंगचा जाड सांधा. दोन अपघाती गाड्या कापून एक केलेली. एखाद्या खड्ड्यातही दुभंगली असती, लेकीला घेऊन.

"तू आहेस का रे?"



त्याने वाजवलं. दोनदा. थांबला. पुन्हा दोनदा...

नाही.

विकणारा बाहेर आला, तेव्हा मिस्त्री रस्त्यावर बसून दाराला कान लावून रडत होता. किल्ली परत दिली आणि चालत घरी आला.

मग मला हाक मारली. माझ्यासमोर कपाट उघडलं. शर्टाची गाठ त्याने बांधलेली तशीच होती. ती सोडून ठोकळा माझ्या हातात दिला.

डिसेंबरातली रात्र... आणि ठोकळा गरम. दिवसभर काम केल्यावर असायचा ना, तसा.

त्याने तो परत घेतला, छातीशी धरला. पहाटे गार होईपर्यंत खाली ठेवला नाही.