सोबतीचा कप

अंघोळ झाल्यापासून जप पूर्ण होईपर्यंत मी मौन पाळते. साखरही सोडली आहे. सासूबाई म्हणतात, "पहिलीचं तोंड मिटायचं नाही, हिचं उघडत नाही. माझ्या लेकाला मधलं काही मिळालंच नाही!"

पहिली म्हणजे यांची आधीची बायको. ती वारली त्याला पुष्कळ दिवस झाले. घरात तिचा फोटोही नाही.

आमच्या कंपनीत चहाची यंत्रं बनतात. त्यांच्या आतला प्रोग्रॅम मी लिहिते. स्वयंपाकघरातलं आमचं यंत्र तिच्या काळापासूनचं, कधीही बंद न पडलेलं. आवाज ओळखून ज्याचा त्याचा चहा करतं. यांनी सकाळी हाक दिली की दोन कप भरतात: एक यांचा, आणि शेजारी माझा, बिनसाखरेचा. मी न मागता. त्या दुसऱ्या कपाचं मला फार अप्रूप.

काल दुपारी नवं यंत्र आलं. जुन्यातली माणसं फाइलीत उतरवून नव्यात भरायची होती. यंत्राच्या मेमरीत प्रत्येक माणसाचा एक कप्पा असतो; शेजारचा कप कोणाचा, ते 'सोबत' म्हणून लिहिलेल्या कप्प्याच्या पत्त्यावरून कळतं. नव्या यंत्रात जुने पत्ते कुचकामी. म्हणून फाइलीत पत्त्याऐवजी क्रमांक लिहायचा, आणि तिकडे गेल्यावर क्रमांकाचा पुन्हा पत्ता करायचा.

ते करतानाच दिसलं. यांच्या कप्प्यात 'सोबत' म्हणून माझा पत्ता मी कधी लिहिलाच नव्हता. लग्नानंतर मी पहिलीचा कप्पा मोकळा केला होता, पण यांच्याकडचा तिचा पत्ता खोडायचा राहून गेला. मोकळी झालेली जागा यंत्रानं पुढच्या माणसाला दिली. मला.

म्हणजे रोजचा तो कप तिच्यासाठीच निघत होता. मी नुसती तिच्या जागी बसले होते.

देवाचं नाव घेतलं, तरी मनातून ते जाईना. यांच्या सोबतीला मी माझ्या हातानं माझा क्रमांक लिहिला आणि फाइल नव्या यंत्रात भरली. माझा कप्पा उघडून पाहिला. नाव माझं. आवाज माझा. साखर, दोन चमचे.

खोडून शून्य केलं. पुन्हा उतरवलं, पुन्हा भरलं. फाइलीत शून्य. यंत्रात दोन चमचे.

सासूबाई मटार सोलत होत्या. "पहिली चहात साखर किती घ्यायची हो?" मी विचारलं.

"दोन चमचे. आज तिची कशी आठवण झाली तुला?"

आज सकाळी मी जपाला बसले. स्वयंपाकघरात यंत्र गुरगुरलं. मग यांचं हसणं ऐकू आलं. मग बोलणं, बराच वेळ. मध्येच थांबत, समोरच्याचं ऐकून घेतल्यासारखं.

हे दारात आले. चेहरा उजळलेला. हातात दोन रिकामे कप.

"मौन सोडलंस ते बरं केलंस," म्हणाले. "किती दिवसांनी एवढं बोललीस!"

त्यांच्यामागे सासूबाई होत्या. त्या माझ्या ओठांकडे बघत होत्या.

माळ माझ्या हातातच होती. जप संपायचा होता. मी मान हलवून नाही म्हणणार होते.

जिभेवर साखर होती.