दोन टिंबं म्हणजे एक पाऊल मागे

त्या कीबोर्डवर एकाच कळीवरचं चिन्ह पुसून गेलं होतं. बाकी सगळी अक्षरं शाबूत होती. फक्त उलटी तिरकी रेघ, म्हणजे बॅकस्लॅश, असते तिथे एक गुळगुळीत, किंचित चकाकणारा चौकोन उरला होता. तिने त्यावर बोट ठेवून पाहिलं. मधोमध बारीकसा खळगाही पडला होता.

"माझा कीबोर्ड आहे तो, आयुष्याची कमाई," मागून कुणीतरी म्हणालं. "पण बसा तुम्ही. खुर्ची काय, ऑफिसची आहे."

ती गडबडून उठली. तिच्या बाजूची वीज गेली होती आणि हे टेबल रिकामं दिसलं, एवढंच. पण ते सांगायच्या आतच तो हसला आणि स्वतःसाठी दुसरी खुर्ची ओढत बसला.

त्या ऑफिसात एक प्रोग्रॅमिंगची भाषा घडत होती. भाषेसोबत तयार फंक्शनांचा एक मोठा संच जायचा आणि त्यातला फाइलींच्या पत्त्यांचा भाग तिच्याकडे होता. फाइल कुठल्या फोल्डरात, तो फोल्डर कशाच्या पोटात, हे एका ओळीत लिहितात. तिच्याकडच्या मशीनवर त्या ओळीत सरळ तिरकी रेघ लागायची, त्याच्याकडच्या मशीनवर उलटी. तो उलट्या रेघेचा जाणकार म्हणून नवाच आलेला. आठवड्यात त्याचं नाव 'उलट्या' पडलं. तिला सगळे आधीपासूनच 'बाई' म्हणायचे, कारण ती दुसऱ्याच्या कोडमधली मोकळी जागासुद्धा नीट करून द्यायची.

पुढे किती तरी वर्षांनी तिला ते दिवस आठवायचे ते भांडणांच्या आवाजानेच. पंखा घरघरतोय, पडद्याच्या फटीतून उन्हाच्या पट्ट्या टेबलावर आल्यात, आणि दोघं दोन टिंबांवरून वाद घालताहेत.

पत्त्यात दोन टिंबं आली की एक पाऊल मागे, बाहेरच्या फोल्डरात. तिचं फंक्शन पत्ता वाचायचं, एखाद्या नावापुढे दोन टिंबं दिसली की नाव आणि टिंबं दोन्ही खोडायचं. आत गेलो, बाहेर आलो, हिशोब फिटला.

"नाही फिटत," तो म्हणायचा. "काही फोल्डर नुसते दरवाजे असतात. पाऊल टाकलं की भलत्याच घरात. तिथून मागे फिरलात तर त्या घराच्या अंगणात याल, तुमच्या नाही. डिस्कला विचारल्याशिवाय कळायचं नाही."

"प्रत्येक वेळी डिस्कला विचारत बसलं तर सगळं मंदावेल."

"विचारायला वेळ लागतोच हो."

"अरे, तू आधी ऐकून तरी घे –"

ती थबकली. तोही थबकला.

"बरं झालं," तो हळूच म्हणाला. "'तुम्ही' म्हणून भांडताना फार दम लागायचा."

त्या दिवशी तिला पुढचा मुद्दा काही केल्या आठवला नाही.

एका संध्याकाळी जिना उतरताना, दिवा मालवू का असं विचारावं तितक्या सहज, तो म्हणाला, "आपण लग्न करूया का?"

"बघू," ती म्हणाली.

त्या ऑफिसात 'बघू' म्हणजे नकार नसे. तिथे प्रत्येक नव्या सूचनेला आधी 'बघू' असंच म्हणत. एकदा दिलेलं फंक्शन परत घेता येत नाही, कुणाकुणाचं काय काय त्यावर उभं असतं. नाकासमोर चालणाऱ्या त्या मुलीने हा धडा कामातून घेतला होता आणि घरीही नेला होता. त्याने पुन्हा विचारलं नाही. तिने ताकास तूर लागू दिली नाही. आई मात्र मधूनमधून म्हणायची, "तो उंच मुलगा आला नाही गं पुन्हा जेवायला? भेंडीची भाजी आवडली नाही का त्याला?"

मग ही भाषा वापरणाऱ्या एका महिलेची तक्रार आली. कॉम्प्युटरवरचा पसारा आवरायला त्यांनी या भाषेत एक छोटा प्रोग्रॅम लिहिला होता. पत्त्यात एक दरवाजा होता, त्यापुढे दोन टिंबं. तिच्या फंक्शनने दोन्ही खोडली, आणि प्रोग्रॅमने भलताच फोल्डर उडवला. मुलीचे लहानपणचे फोटो होते त्यात. भावाकडे प्रती होत्या म्हणून निभावलं, पण त्यांनी शेवटी लिहिलं होतं: दोन दिवस मी जेवले नाही.

तिने ती तक्रार पुन्हा पहिल्यापासून वाचली. 'मी सांगत होतो' म्हणायची ती वेळ होती. तो म्हणाला नाही. त्याने दोन कप चहा आणला, खुर्ची जवळ ओढली आणि म्हणाला, "सरक थोडी. दोघं मिळून लिहू."

थंडी सरेपर्यंत लिहीत होते. पत्ता म्हणजे नुसती अक्षरांची ओळ न राहता त्याचा स्वतंत्र प्रकार झाला. रेघ सरळ की उलटी हे तो प्रकार आपला आपण बघायचा, आणि दोन टिंबं आली की डिस्कला विचारायचा. ऑफिसचे थोरले म्हणाले, "चला, एक भिजत घोंगडं वाळत पडलं."

काम संपलं तसा त्याचा करारही संपला. त्याला त्याच्या गावाकडे नोकरी मिळाली होती. शेवटच्या दुपारी सगळे चहाला खाली गेले. तो वायरी गुंडाळत होता. त्याच्या मानेवर उन्हाची पट्टी पडली होती. तिला वाटलं, आता ही पट्टी उद्या नुसत्या खुर्चीवर पडेल...

"एक विचारू?" ती म्हणाली. "तू पुन्हा का नाही विचारलंस?"

त्याचा हात थांबला. "'बघू' म्हणालीस ना. बघत असशील असं धरून चाललो."

"दोन वर्षं?"

"आपल्याकडे याच्या आत काय मार्गी लागलंय, सांग."

तिला हसू आलं. "मला वाटलं, तुझ्या मनातून गेलं."

"कशावरून?"

"गप्प होतास."

"म्हणजे नुसतं वरून वाचलंस," तो म्हणाला. आवाजात चेष्टा नव्हती. "मला विचारलं नाहीस."

जिन्यावर पावलं वाजू लागली. मंडळी वर येत होती. तिने त्याच्या हातातली वायर घेतली आणि टेबलावर ठेवली.

"मला तुझ्याशी लग्न करायचंय," ती म्हणाली. "पुढच्या महिन्यात आईला घेऊन तुझ्या घरी येते."